पिकअपचा सेल्फ उचलेना: अकरा दिवस, आकड्यांसकट

पहाटे साडेपाचला हळदीची वीस पोती भरून पिकअप दारात उभी, सांगलीच्या मार्केट यार्डात अडत्याकडं माल वेळेत टाकायचा, आणि किल्ली फिरवली तर नुसता एक टक्. परत फिरवली, परत टक्. डॅशबोर्डवरचे दिवे लागलेले, हॉर्न वाजतोय, हेडलाईट लख्ख, पण सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, काय उचलेना. शेवटी शेजारपाजारच्या चौघांना उठवलं, वीस पोत्यांसकट गाडी देवळाच्या उतारापर्यंत ढकलत नेली, दुसऱ्या गिअरात टाकून क्लच सोडला आणि पहिल्याच हिसक्याला इंजिन चालू झालं.

तिथून पुढं अकरा दिवस हा त्रास चालला. पहिले सात दिवस मी फक्त पार्ट बदलत होतो, आणि शेवटच्या चार दिवसांत मोजायला शिकलो. आमच्या भागात जुनी पिकअप, जुना छोटा टेम्पो, ट्रॅक्टर नाही असं घर कमीच, आणि "सेल्फ घेत नाही" म्हटलं की बॅटरी नायतर सेल्फ बदलायचा हेच सगळे करतात, म्हणून जे झालं ते सगळं आकड्यांसकट लिहितोय.

गाडी २००८ची आहे. डिझेल, जुना मेकॅनिकल पंप, सेन्सर-कॉम्प्युटर काही नाही. अण्णांनी २०१४ला सेकंडहँड घेतली. आमचं गाव कृष्णाकाठी, डिग्रजच्या पुढं, त्यामुळं २०१९च्या ऑगस्टातला महापूर या गाडीनं अंगावर घेतलाय. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही जनावरं आणि माणसं काढली, गाडी काढायला वेळ मिळाला नाही, ती पाच दिवस शेडमध्ये बॉनेटपर्यंत पाण्यात होती. पूर ओसरल्यावर सगळी तेलं बदलली, डायनामो-सेल्फ खोलून वाळवले, सीटखालचा गाळ पाट्यांनी काढला, आणि गाडी चालू झाली तेव्हा अण्णांनी नारळ फोडला होता. हे सांगायचं कारण पुढं येईल.

तर पहिल्या दिवशी संध्याकाळी मी काय केलं, तर सरळ बॅटरीच्या दुकानात गेलो. बॅटरी पावणेतीन वर्षांची होती, दुकानदारानं गाडीजवळ येऊन किल्ली फिरवून बघितली, टक् ऐकलं आणि म्हणाला बॅटरी गेली. मीपण विचारलं नाही की बाबा मीटर लाव, लोड टेस्ट कर, काहीच नाही. जुनी देऊन नवीन घेतली, वर सहा हजार आठशे दिले. आणि गाडी मस्त चालू झाली की. दोन दिवस एकदम झकास. मला वाटलं झालं काम.

चौथ्या दिवशी सकाळी परत टक्.

आता नवीन बॅटरीवर टक् म्हणजे सेल्फच, असं गॅरेजवाल्यानं सांगितलं आणि तेही पटलं. सेल्फ उतरवला, कार्बन घासलेले होते हे खरं आहे, कार्बन नवीन टाकले, बुश बदलले, बेंडिक्स साफ केला, मजुरीसकट एकवीसशे झाले. सहाव्या दिवशी सेल्फ बसवला तर गाडी पुन्हा पहिल्या झटक्यात. आणि सातव्या दिवशी संध्याकाळी यार्डातून हळदीचं वजन करून निघताना, मागं ट्रकांची रांग, आणि टक्. हमालांनी धक्का मारला. त्या हमालांचे उपकार मी विसरणार नाही, दिवसभर पोती उचलून थकलेली माणसं होती ती.

तिथंच एकजण म्हणाला सगळं वायरिंग बदल, पंधरा-वीस हजारात होईल. घरी येऊन अण्णांना सांगितलं तर अण्णा एवढंच म्हणाले, "आधी मामाला फोन लाव."

माझे मामा एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर होऊन मिरजेत असतात. सगळी हकिकत सांगितली, बॅटरी बदलली, सेल्फ भरला, तरी दोन दिवस चालते आणि परत तेच. मामांनी मधी तोडलं नाही, सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच प्रश्न विचारला, "टक् होतं त्या टायमाला हेडलाईट मंद होतो का तसाच राहतो?"

मला सांगता येईना. इतक्या वेळा किल्ली फिरवली पण हेडलाईटकडं कुणी बघितलंच नव्हतं. फोन चालू ठेवून तसाच अंधारात गेलो, हेडलाईट लावला, भिंतीवर उजेड पडला, किल्ली फिरवली. टक्. उजेड किंचित हलला पण तसाच राहिला.

"मंद झाला असता तर बॅटरी नायतर जाम झालेला सेल्फ," मामा म्हणाले. "तसाच राहतोय म्हणजे बॅटरीत माल हाय, पण सेल्फपर्यंत पोचना झालाय. वाटंत कुठंतरी अडतंय. आणि आवाजाकडं पण ध्यान दे. टकटकटकटक असं भराभर वाजलं तर बॅटरी उतरलीय नायतर टर्मिनल ढिलं. एकच टक् आणि गप, म्हंजे सॉलेनॉइड, सेल्फवरचा चुंबकी स्विच, ओढतोय पण मोटरला करंट पुरंना. आणि काहीच वाजलं नाही, एकदम मुकी, तर किल्लीपासनं सॉलेनॉइडपर्यंतची बारकी वायर बघायची. उद्या रविवार हाय ना, मी येतो. तोपर्यंत कशाला हात लावू नको, टर्मिनल पण हलवू नको, दुखणं पळून जाईल."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं की बॅटरी बदलताना आणि सेल्फ काढ-घाल करताना सगळे बोल्ट हलले, घासले गेले, इंजिन थोडं हललं, म्हणून प्रत्येक वेळी दोन दिवस गाडी बरी झाल्यासारखी वाटली. पार्टनं नाही, हलवल्यानं.

रविवारी सकाळी मामा बसनं आले, पिशवीत एक जुना मल्टिमीटर आणि एक टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी आणि टोकाला मगरपिना, घरीच केलेला. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, मागच्या चाकांना दोन्हीकडनं दगड, हे आधी. हातातलं घड्याळ आणि अंगठी काढून ठेवायला लावली, आणि बॅटरीजवळ बिडी-काडी कुणी आणायची नाही, चार्ज होणाऱ्या बॅटरीतनं हायड्रोजन सुटतो. आमच्याकडं बरेचजण सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून गाडी चालू करतात, मामा त्याच्या फार विरोधात आहेत, आणि मला पण पटलं, गिअरात राहिलेली गाडी अशी अंगावर येते आणि तुम्ही बरोबर चाकाच्या पुढं असता.

किल्ली फिरवायला माझी मुलगी, आमची दीदी, नववीला आहे. आणि आकडे वहीत लिहायला पण तीच.

पहिलं माप, गाडी रात्रभर उभी, सगळं बंद, मीटर डीसी व्होल्टवर, बॅटरीच्या दोन शिसाच्या खुंट्यांवर: १२.५ व्होल्ट. क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच टेकवायचं, कारण क्लॅम्प आणि खुंटीच्या मधेच गंज असला तर तो कळत नाही. मामांनी सांगितलं की भरलेली १२ व्होल्टची बॅटरी निवांत असताना १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ ला आली तर जवळजवळ रिकामीच समज. म्हणजे बॅटरी बरी होती, पण नवी असून पुरती भरलेली नव्हती. ती का भरत नव्हती हे पण पुढं कळलं.

दुसरं माप, तिथंच मीटर, आणि दीदीला सांगितलं किल्ली फिरव. टक्. मीटर ११.२ वर आला.

"बघितलास?" मामा म्हणाले. "डिझेलचा सेल्फ खरा वढायला लागला की बॅटरी धाच्या आसपास येती. साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्यायचा. ही सव्वाअकरालाच थांबलीय, म्हंजे सेल्फला वढायलाच मिळंना."

मी इतके दिवस उलटं समजत होतो. मला वाटायचं व्होल्ट पडला नाही म्हणजे चांगलं.

आता मुख्य काम, ज्याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात, आणि हेच मला सगळ्यांना सांगायचंय. करंट बॅटरीच्या प्लसमधनं जाड केबलनं सेल्फला जातो, सेल्फच्या बॉडीतनं इंजिनला, इंजिनातनं चेसीला म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, आणि चेसीतनं परत बॅटरीच्या मायनसला. अख्खा गोल फेरा आहे. आपण सगळे प्लसच्या बाजूलाच बघतो कारण तिथं लाल वायर दिसते, परतीचा रस्ता म्हणजे नुसतं लोखंड, त्याच्याकडं कोण बघतंय. तर या रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना मीटर लावायचा आणि सेल्फ मारायचा. तुकडा चांगला असला तर मीटर शून्याच्या जवळ राहतो, खराब असला तर जेवढे व्होल्ट तिथं खाल्ले जातात तेवढे तो दाखवतो. काही उघडायचं नाही, काही तोडायचं नाही.

बॅटरीच्या प्लस खुंटीवर लाल पिन, सेल्फच्या मोठ्या बोल्टवर काळी, किल्ली: ०.३. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. म्हणजे प्लस केबल पास.

मग बॅटरीच्या मायनस खुंटीवर काळी पिन, आणि इंजिनच्या ब्लॉकवर एक कोपरा घासून उघडा करून तिथं लाल पिन, किल्ली. दीदीनं मीटरकडं मान वळवून मोठ्यानं वाचलं, "पाच पॉइंट सहा!"

तिथं ०.२ च्या वर जायला नको. साडेपाच व्होल्ट परतीच्या रस्त्यावर जळत होते आणि सेल्फच्या वाट्याला सगळे मिळून पाच-सव्वापाच उरत होते. तेवढ्यावर सॉलेनॉइड कसाबसा धरून राहतो पण डिझेल इंजिनचं कॉम्प्रेशन तोडून फिरवायची ताकद मोटरला येत नाही. एक टक् आणि गप, तो हाच.

दीदी म्हणाली, "पप्पा, हे धाराविद्युतमधलं आहे, विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध." आणि तिनं वहीच्या कोपऱ्यात गणित केलं. सेल्फ २०० अँपिअर ओढतोय असं मामांनी अंदाजानं धरायला सांगितलं, ५.६ भागिले २००, उत्तर ०.०२८ ओहम. इतकासा रोध! घरातल्या बल्बला असल्या रोधानं ढिम्म फरक पडत नाही, आणि गाडीचे दिवे, हॉर्न यांचा करंट तर इंजिनातनं न जाता चेसीतनंच परत येतो, म्हणून ते सगळं चाललं होतं. पण २०० अँपिअर जायला लागले की तोच रोध अर्धी बॅटरी गिळतो. आणि मल्टिमीटरचं ओहमचं बटण लावून हा रोध मोजता येत नाही, साधा मीटर इतकं बारीक वाचतच नाही, पिनांच्या वायरीचाच रोध त्याच्यापेक्षा जास्त असतो. गॅरेजवाल्यानं बहुतेक कंटिन्युइटीवर लावून बीप ऐकली असणार आणि अर्थ, म्हणजे हा परतीचा रस्ता, ओके म्हटलं असणार. एक तार जरी शिल्लक असली तरी बीप वाजते.

मग परतीच्या रस्त्याचे तुकडे केले. मायनस खुंटी ते क्लॅम्प ०.०२. क्लॅम्प ते चेसीवरचा बोल्ट ०.१. चेसी ते इंजिन ब्लॉक ५.४. सापडलं. म्हणजे अजून डोळ्यांना दिसलं नव्हतं पण सापडलं होतं, चेसी आणि इंजिनच्या मधे. आता खात्री कशी करायची, तर शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडनं जम्पर केबल आणली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सरळ इंजिनच्या लिफ्टिंग हुकला, आणि दीदीला म्हटलं मार. गाडी अर्ध्या सेकंदात चालू झाली. अण्णा ओट्यावर बसले होते ते उठून उभे राहिले.

इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं, रबरातनं करंट जात नाही, म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चेसीला एक विणलेली तांब्याची पट्टी असते, अर्थ स्ट्रॅप. आमची गिअरबॉक्सच्या वर, चेसीच्या आतल्या अंगाला, हात कसाबसा जातो अशा जागी. चिखलाचा थर खरवडून काढला तेव्हा दिसली. चेसीकडच्या लगखाली, म्हणजे बोल्टात बसणाऱ्या पट्टीच्या टोकाखाली, पुराचा गाळ वाळून दगडासारखा झालेला, त्याच्यावर गंज, आणि पट्टीच्या तारा हिरव्या भुकटीसारख्या हातात आल्या. मोजून सात-आठ तारा धड होत्या. २०१९ला आम्ही सगळं धुतलं, पण ही जागा कुणाला माहीतच नव्हती. इतकी वर्षं ती आतल्या आत कुजत आली.

अजून एक गोष्ट त्याच वेळी उलगडली आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. महिनाभर ॲक्सिलरेटर जड चालत होता, सोडला तरी हळू परत यायचा, मी दोनदा केबलमधे तेल सोडलं होतं. मामांनी विचारलं, सेल्फ मारताना कधी जळका वास आला का? आला होता, मला वाटलं क्लचचा असेल. मामांनी ॲक्सिलरेटरची केबल दाखवली, एका जागी बाहेरचं प्लॅस्टिक फुगून चकाकत होतं. परतीचा खरा रस्ता बंद झाला की करंट दुसरा शोधतो, आणि इंजिनला जोडलेली ॲक्सिलरेटरची बारीक पोलादी केबल त्याला सापडते. शंभरभर अँपिअर तिच्यातनं गेले की ती आत लाल होते. ही केबल चालत्या गाडीत अडकली असती, भरलेल्या पिकअपचा ॲक्सिलरेटर अंकलीच्या पुलावर दाबलेलाच राहिला असता तर काय, हा विचार करून मला त्या रात्री झोप आली नाही. केबल दुसऱ्याच दिवशी बदलली. तुमच्या गाडीला एक टक् होत असेल आणि ॲक्सिलरेटर नाहीतर क्लचची केबल जड झाली असेल किंवा गरम लागत असेल, तर आधी अर्थ स्ट्रॅप बघा, गाडी तशी चालवू नका.

नवीन पट्टी आणायला सोमवारी सांगलीला गेलो. तयार मिळत होती ती पातळ वाटली, म्हणून बॅटरी केबल करून देणाऱ्याकडनं ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचिक केबल दीड फूट, दोन्हीकडं क्रिम्प केलेले जाड लग, अशी करून घेतली. साडेतीनशे रुपये. बसवताना आधी बॅटरीचा मायनस काढला. काढताना मायनस पहिला आणि लावताना मायनस शेवटी, कारण मायनस जोडलेला असताना प्लसच्या नटावरचा पाना बॉडीला टेकला की सगळी बॅटरी त्या पान्यातनं जाते. चेसीवरची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासली, रंगावर लग बसवून उपयोग नाही, रंग म्हणजे इन्शुलेशनच. दातेरी वायसर टाकला, १३ नंबरच्या पान्यानं कचकून आवळला, आणि ग्रीस वरनं लावलं, मधे नाही. मायनस केबलच्या चेसीकडच्या बोल्टचं पण हेच केलं. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतली आणि वर व्हॅसलीन.

परत मोजमाप. सेल्फ मारताना मायनस खुंटी ते इंजिन: ०.१६. आणि बॅटरी: १०.१.

"पप्पा, आता तर बॅटरी जास्त पडली!" दीदीला काळजी वाटली. पडायलाच पाहिजे, आता सेल्फला पोटभर मिळतंय.

इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला तर १४.२. रविवारी जम्पर काढल्यावर चालू इंजिनवर हेच माप १३.२ आलं होतं. डायनामोचा अर्थ पण इंजिनातनंच परत येतो ना, त्यामुळं डायनामो चांगला असून बॅटरीला पुरा चार्ज मिळत नव्हता. म्हणजे जुनी बॅटरी पण याच पट्टीनं हळूहळू मारली असणार, आणि ती मी बदल्यात देऊन मोकळा झालो होतो. सहा हजार आठशे आणि एकवीसशे, दुखणं साडेतीनशेचं. यात दुकानदार किंवा गॅरेजवाला फसवायला निघाला होता असं मी म्हणणार नाही, कार्बन खरंच घासले होते. पण दहा मिनिटं मीटर लावला असता तर हळद विकून आलेले पैसे खताला राहिले असते, हे वाईट वाटतंच.

आता इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण अकराव्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली आणि काहीच नाही. टक् पण नाही. मुकी.

यावेळी मी घाबरलो नाही. हेडलाईट लख्ख, बॅटरी १२.६, सॉलेनॉइडचा आवाज नाही, म्हणजे मामांनी फोनवर सांगितलेला तिसरा प्रकार, किल्लीपासून सॉलेनॉइडपर्यंतची बारकी वायर. सॉलेनॉइडवर तीन जोडण्या असतात, बॅटरीकडनं येणारा जाड बोल्ट ज्याला ३० म्हणतात, मोटरला जाणारा बोल्ट, आणि किल्लीकडनं येणारं बारकं टर्मिनल, ५०. मी ती बारकी वायर काढली, मीटर लावला, दीदीनं किल्ली फिरवली: १२.३. मी म्हटलं करंट तर येतोय, मग सॉलेनॉइडच गेला असणार. सेल्फ परत उतरवायला पाना हातात घेतला होता. मग मामांचा टेस्ट लॅम्प आठवला, तो ते आमच्याकडंच ठेवून गेले होते. त्याच वायरीला २१ वॅटचा बल्ब लावला, किल्ली फिरवली, तर बल्ब नुसता तांबूस झाला. आता बल्ब लावलेला असताना मीटर टेकवला, ७.४.

मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळं सडलेल्या वायरीतनं, झिजलेल्या कॉन्टॅक्टमधनं पण त्याला १२ व्होल्ट दिसतात. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, आणि मागणी आली की वायरीचं खरं रूप कळतं. बल्बलाच जिथं ७.४ मिळतात तिथं सॉलेनॉइडला काय मिळणार, तो तर ओढताना तीस-चाळीस अँपिअर मागतो.

मग बल्ब लावूनच मागं मागं गेलो. किल्लीच्या स्विचला येणाऱ्या जाड वायरीवर बल्ब लख्ख. स्विचमधनं बाहेर निघणाऱ्या स्टार्टच्या वायरीवर तांबूस. म्हणजे स्विचच्या आतले कॉन्टॅक्ट जळालेत. इतकी वर्षं सॉलेनॉइडचा सगळा करंट त्या बारक्या कॉन्टॅक्टमधनं जात होता, आणि अर्थ खराब असताना मी एकेका सकाळी वीस-वीस वेळा किल्ली मारलीय, त्यात ते अजून जळाले असणार असं मला वाटतं.

स्विच नवीन टाकला, आणि मामांना फोन करून रिले पण बसवला. रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच, चार पिनांचा, ४० अँपिअरचा. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीच्या प्लसवरनं फ्यूज घालून जाड वायर, ८७ वरनं सॉलेनॉइडच्या ५० ला, ८५ अर्थला, आणि किल्लीकडनं येणारी जुनी वायर ८६ ला. आता किल्लीच्या स्विचमधनं फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, अर्ध्या अँपिअरच्याही आत, आणि सॉलेनॉइडला सरळ बॅटरीकडनं मिळतो. हा रिले नसलेल्या जुन्या गाड्या बऱ्याच असतात. माझ्या मते दोन-अडीचशे रुपयांत गाडीला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही बसवता येत नाही.

एक राहिलं. हे सगळं सेल्फ फिरत नसेल तर. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर तो वेगळा आजार. आमच्या गल्लीतल्या एकाची तशीच जुनी पिकअप परवा तशी झाली, तो पण बॅटरी बदलायला निघाला होता. जुन्या डिझेल पंपावर एक छोटा सॉलेनॉइड असतो, किल्ली ऑन केली की तो डिझेल उघडतो, कानाजवळ बारीक टिक् ऐकू येते. त्याच्या गाडीत टिक् येत नव्हती. बल्ब लावला तर वायर मेलेली, मागं बघितलं तर फ्यूज गेलेला, आणि फ्यूज का गेला तर वायर एक्झॉस्टला टेकून सोलली होती. वायर बांधून वर घेतली, फ्यूज टाकला, गाडी चालू. पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास वायर कुठं सोललीय ते शोधण्यात.

दीदीच्या वहीतलं पान फाडून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कप्प्यात ठेवलंय. त्यावर डाव्या बाजूला आजारी असतानाचे आकडे आणि उजव्या बाजूला बरी झाल्यावरचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं अर्थिंगचं माप घेतो. काल घेतलं, ०.१७.